कार्बनची जोडी

अण्णा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर रुसलेलीच आहे. हे कुणाला सांगता येत नाही. साठीची बाई, मागच्या वर्षी शाळेतून निवृत्त झालेली, दोन नातवंडांची आजी, आणि गेलेल्या बापावर रुसून बसलीय, हे कोण ऐकून घेईल? म्हणून लिहायला बसले. आपल्या या तापीकाठच्या हिंदी मुलखात आयुष्यभर पोरांना हिंदीतून गणित शिकवलं, नातवंडं तर घरातही हिंदीच बोलतात, पण तुमच्याशी मला मराठीशिवाय बोलता येत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, लालबागच्या घरी दुपारी कुणी नसतं. शाळेची एक कोरी वही उरली होती, तिच्यात लिहितेय.

रुसवा वहिनीवरून आहे. तुमच्या सुनेवरून. तिचं माझं कधी भांडण झालं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीला मी तिला साडी नेते, संक्रांतीला ती मला बोलावते, भावाला आमच्या दोघींच्या मध्ये कधी यावं लागलं नाही. तरी तुमच्या घरात पाऊल टाकलं की मी आधी तिचे हात बघते. तुमची लेक मी, आणि तुमच्या हातातलं सगळं तिच्या हातात.

आपलं दुकान पुढच्या खोलीत, मागं स्वयंपाकघर, मध्ये नुसतं दार. इतवारा बाजारातली गर्दी बाहेर, मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट सतत कानावर, आणि त्यात तुम्ही बाकावर मान वाकवून बसलेले. ड्रिल, ग्राइंडर, फरशी कापायचं मार्बल कटर, सुताराचं रंधा मशीन, हातात धरून चालवायचं जे जे विजेवर फिरतं ते तुमच्याकडं यायचं. आणि निम्म्या वेळा बिघाड एकच असायचा. मोटरीच्या आत फिरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांना दोन बाजूंनी टेकून राहणारे, बोटाच्या पेराहून लहान असे दोन काळे तुकडे झिजून गेलेले असायचे. कंपनीच्या कागदावर त्यांना ब्रश म्हणतात, आपल्याकडं सगळे कार्बन म्हणतात. वीज त्यांच्यातूनच आत जाते. ते घासत राहतात, झिजत राहतात, आणि फारच आखूड झाले की ठिणग्या उडतात, मशीन अडखळतं, मग बंद पडतं. माणूस घाबराघुबरा होऊन यायचा की मोटर गेली, आणि तुम्ही दोन्ही बाजूंच्या टोप्या पेचकसानं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरनं, काढून दोन तुकडे त्याच्या तळहातावर ठेवायचे. "मोटर कायले जाईल? हे पाय झिजले तिचे."

मी तेरा वर्षांची असेन. शाळेतून आले की दप्तर टाकून तुमच्या बाकाशी उभी राहायची. एक दिवस तुम्ही पाणी प्यायला आत गेलात, तेवढ्यात मी उघड्या पडलेल्या ड्रिलमधलं कार्बन ओढून काढलं. त्याच्या मागची स्प्रिंग उडून कुठंतरी गेली. तुम्ही बाहेर आलात. मी मार खायच्या तयारीत होते. तुम्ही ओरडला नाहीत. माझा हात धरून रॉकेलच्या बोळ्यानं एकेक बोट पुसलंत, नखातलं काळंसुद्धा काढलंत आणि म्हणालात, "हे हात खडूचे आहेत. तुले शिकायचं आहे न? मंग हे काळं काम कायले पाहिजे?" दुसऱ्या दिवशी मला कंपास पेटी आणून दिलीत. नवी, झाकणावर चित्र असलेली. वर्गात कुणाकडंच तशी नव्हती. मी ती सगळ्यांना दाखवली आणि घरी येऊन रडले, कारण मला कळलं होतं की आता बाकाशी उभं राहायचं नाही.

तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या काळात मुलीला एवढं शिकवणारा बाप गल्लीत दुसरा नव्हता. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होतात. तेव्हापासून मला 'मॅडम' म्हणायला लागलात. कौतुकानं म्हणायचात, पण मी लग्न होऊन लालबागला गेल्यावर आपल्यात तेवढंच उरलं. "या मॅडम. बसा मॅडम. शाळा काय म्हणते?" पाहुण्याशी बोलावं तसं.

भावाला तुमच्या कामात कधी गोडी नव्हती. त्याला गाड्यांचं वेड, तो बहादरपूरच्या केळी वाहणाऱ्या ट्रकांवर लागला. मग त्याचं लग्न झालं आणि जवळच्या दापोरा गावाहून वहिनी आली. आठवीपर्यंत शिकलेली, शेतातली, कामाला वाघीण. लग्नाला दोन-तीन महिने झाले असतील. मी रविवारी आले होते. स्वयंपाकघरात ती भाकरी थापत होती, मी कांदा चिरत होते, आणि बाहेर तुम्ही दुरुस्त झालेलं ग्राइंडर चालवून बघत होतात. भाकरी परातीतच ठेवून ती थांबली. कान दिला. मग दाराशी जाऊन पदर सावरत म्हणाली, "अन्ना, थे मशीन लंगडून राह्यलं."

तुम्ही मशीन बंद केलंत. "काय म्हटलं?"

"एका पायानं लंगडून राह्यलं. आमच्या विहिरीवरची मोटर पानी सुटलं का आवाज बदलते. बाबा घरात बसून मले इचारे, पानी आहे का गेलं? मी आवाजावरून सांगे. तसं याचं काहीतरी एका बाजूचं सुटून राह्यलं."

तुम्ही हसलात. पण टोप्या काढल्यात. डावं कार्बन त्याच्या खोबणीत अडकत होतं, कधी तांब्याला टेकत होतं, कधी नव्हतं. तुम्ही ते हातात घेऊन तिच्याकडं असं पाहिलंत की मी चिरलेला कांदा पुन्हा चिरायला लागले. चाळीस वर्षं काम केलेला माणूस, त्याच्या कानाला जे लागलं नाही ते भाकरी थापणाऱ्या पोरीला लागलं. तुम्हाला वाईट वाटायला हवं होतं. तुम्हाला आनंद झाला. "ये बेटा, हे पाहून घे," म्हणालात. पिठाचे हात तिनं पदराला पुसले आणि ती बाकाशी गेली. तव्यावरची भाकरी मी उलटली.

त्यानंतर दर रविवारी मी आले की ती बाकावर असायची. कधी तुमच्या शेजारी, मग तुमच्या समोर, मग एक दिवस तुमच्या जागेवर आणि तुम्ही शेजारी. तिचे हात कोपरापर्यंत काळे. ते कुणी रॉकेलनं पुसले नाहीत. गल्लीतल्या बायका बोलल्या, भाऊही एकदा कुरकुरला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिच्या कानात देवानं ठेवलं आहे, मी कोण अडवणारा?" मी तिथंच होते. माझ्या कानात काय ठेवलंय ते तुम्ही कधी बघितलं नव्हतं.

आणि मग कानस. तुमच्या उस्तादांनी तुम्हाला दिलेली ती पातळ, गुळगुळीत मुठीची कानस. बाजारात नेमक्या मापाचं कार्बन मिळालं नाही की तुम्ही मोठं घेऊन तिच्यावर घासून मापात आणायचात. भावालाही तुम्ही तिला हात लावू दिला नव्हता. एका दसऱ्याला शस्त्रांची पूजा झाली, तुम्ही तिच्यावरचं हळदकुंकू झटकलंत आणि ती वहिनीच्या ओंजळीत ठेवलीत. वहिनी तुमच्या पाया पडली. मी टाळ्या वाजवल्या, अण्णा. माझ्या तोंडावर हसू होतं, आणि घरी जाताना रिक्षात मी कपाटातली ती जुनी कंपास पेटी कचऱ्यात टाकायची असं ठरवलं. टाकली नाही. पण ठरवलं.

आता ते सांगते जे तुम्हाला माहीत नाही.

तुम्ही एका लग्नासाठी खंडव्याला गेला होतात. वहिनीची आई आजारी, म्हणून ती दापोऱ्याला. भाऊ गाडीवर. मला सुट्टी होती, म्हणून तुम्ही म्हणालात, "मॅडम, दोन दिवस दुकानात बसा. मशीन आलं तर घेऊन ठेवा. उघडू नका." दुसऱ्या दिवशी दुपारी फरशी बसवणारा एक कारागीर मार्बल कटर घेऊन आला. कार्बन संपले होते. त्याचं काम अडलं होतं, घरमालक डोक्यावर उभा. "चाचा नहीं हैं? भाभी भी नहीं?" असं त्यानं विचारलं. भाभीही नाहीत का. मी म्हटलं, "मैं हूँ न. मैं कर देती हूँ."

तो चहाला गेला. मी तुमच्या जागेवर बसले. टोप्या काढल्या, जुने तुकडे काढले. त्या मापाची जोडी डबीत नव्हती, एक मोठी होती. मी कानस घेतली आणि घासायला लागले. अण्णा, ती अर्धी घटका मी कधी विसरणार नाही. काळी भुकटी माझ्या बोटांवर, साडीवर, नखात. मला इतकं बरं वाटत होतं. मी घाईत होते, चहा किती वेळ पुरणार, आणि कार्बन खोबणीत जाईना, म्हणून पुढचं टोक जास्त घासलं. टोक गेलं, मागचा भाग अडला. अंगठ्यानं दाबला, मग पेचकसाच्या मुठीनं ठोकला. बसला. टोपी लावली. कारागीर आला, मशीन चालवून पाहिलं, आत निळं निळं चमकत होतं, पण ते फिरत होतं. तो म्हणाला, "थोड़ा ज़्यादा चमक रहा है." मी म्हटलं, "नया है न, बैठ जाएगा." हे वाक्य तुमचं होतं. मी ते कितीदा ऐकलं होतं.

तो गेला. मी हात धुतले. कानशीच्या दातांत काळं भरलं होतं ते मात्र माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी वहिनी दापोऱ्याहून परत आली, तिनं कानस उचलली, तारेच्या ब्रशानं साफ केली आणि जागेवर ठेवली.  मला वाटलं तिला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही बाकावर होतात, वहिनी आत स्वयंपाकघरात आणि मी मांडणीशी उभी, शाळेतून येताना सहज डोकावलेली. कारागीर आला. मार्बल कटर बाकावर आपटलं. जळकट वास सगळ्या खोलीभर झाला. "चाचा, परसों आपकी बेटी ने कार्बन बदला था. देखो क्या हाल हो गया. आधी फर्श वैसे ही पड़ी है."

आपकी बेटी.

मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. तुम्ही माझ्याकडं वळलाच नाहीत. वळायचं टाळलंत असंही नाही, तुमच्या मनात ते आलंच नाही. तुम्ही आतल्या दाराकडं मान वळवून हाक मारलीत, "बेटा, बाहेर ये."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण वहिनी बाहेर आली, तिनं मशीनकडं पाहिलं, मग कानशीकडं, मग माझ्याकडं. आणि कारागिराची नजर माझ्याकडं वळायच्या आत म्हणाली, "हो अन्ना. माझ्याच हातून झालं. घाई झाली." कारागीर काहीतरी म्हणणार होता. तुम्ही त्याला स्वतःचं मशीन काढून दिलंत, "तेरा काम मत रोक, ये ले जा," आणि तो ते घेऊन गेलाही.

मग तुम्ही तिला बोललात. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. "कार्बन काय दगड आहे, ठोकून बसवाले? पाहा, हे पाहा. पुढून बारीक, मागून जाड. काटकोन कुठी गेला? अर्धं झिजलं अन् अडकलं, मंग तांब्याले टेकलंच नाही, आगीची माळ झाली आतमधी. पट्ट्या जळल्या. या माणसाची रोजची भाकर या मशीनवर आहे, माहीत आहे न तुले?" ती खाली मान घालून उभी. मग तुम्ही तिला समोर बसवलंत. खोबणी साफ कशी करायची, पट्ट्यांमधल्या चिरांमधली भुकटी कशी काढायची. कार्बन चारी बाजूंनी सारखं घासायचं, आणि खोबणी उभी धरली की ते आपल्या वजनानं खाली उतरलं पाहिजे, ढकलावं लागलं तर घट्ट आणि खडखडलं तर सैल. एकटं कधी बदलायचं नाही, जोडीनंच. नवं बसवल्यावर थोडा वेळ नुसतं फिरू द्यायचं, ओझं द्यायचं नाही, तोंडाला गोलाई येऊ द्यायची. एक तासभर तुम्ही बोलत होतात. तिच्याकडून तीन जोड्या घासून घेतल्यात. दोन फेकून दिल्यात.

मी चौकटीला टेकून ऐकत होते. प्रत्येक शब्द माझ्यासाठी होता, अण्णा. चूक माझी, काटकोन माझा गेला होता, रोज फळ्यावर काटकोन काढणाऱ्या बाईचा. आणि मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर, घरी गेल्यावर. त्या वेळी मला फक्त हेवा वाटत होता. तुम्ही मला उभ्या आयुष्यात एकदाही असं बोलला नव्हतात. माझी स्प्रिंग हरवली तेव्हासुद्धा नाही. माझ्यावर चिडावं इतकं माझ्याकडून तुम्हाला काही नकोच होतं. ते बोलणं माझं होतं, आणि तेही तिला मिळालं.

पुढं मी कितीदा ठरवलं की सांगायचं. सांगितलं नाही. दवाखान्यात शेवटच्या महिन्यात एकदा तुम्ही जागे होतात, खोलीत आपण दोघंच. मी म्हटलं, "अण्णा, ते मार्बल कटर जळलं होतं न..." तुम्ही डोळे बारीक केलेत. "कोणतं?" हजारो मशीनं तुमच्या हाताखालून गेली, त्यातलं एक. जे मला पाच वर्षं जाळत होतं त्याची तुम्हाला आठवणही नव्हती. मी म्हटलं, "काही नाही." तुम्ही म्हणालात, "मॅडम, शाळा बुडाली न तुमची?" आणि थोड्या वेळानं, "ती आली का?" मी म्हटलं, "येतेय." ती आली. तुमचा हात तिनं हातात घेतला, तिच्या बोटांना तेच काळं, तुमच्या बोटांसारखं. मी पाणी आणायला बाहेर गेले.

आता दुकान तीच चालवते. बॅटरीवरची नवी मशीनं आली आहेत, त्यातल्या कितीकांत कार्बनच नसतं, तरी तिच्याकडं काम पडून असतं. रावेरहून लोक येतात. या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. कान तसाच आहे, पण पट्ट्यांमधली चीर दिसत नाही, स्प्रिंग कुठं बसली ते दिसत नाही. होळीनंतर तिनं फोन केला. "ताई, तुम्ही रिकाम्याच आहा न आता? थोडे दिवस तुमचे डोळे द्या मले."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर. तेव्हापासून रोज जाते. ती सांगते, मी बघते. ती ऐकते, मी उघडते. पहिल्या आठवड्यात नुसतं साफ करायला दिलं, मग कार्बनची लांबी बघायला, मग एक दिवस कानस माझ्यापुढं सरकवली. "घासा." मी हातात घेतली आणि आधी तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिला ते दिसलं नसणार. म्हणून मला धीर आला.

"वहिनी, ते मार्बल कटर आठवतं का तुम्हाला? अण्णा तुम्हाला एवढं बोलले होते."

"आठवते नं. कानशीत काळं भरून ठेवलं होतं तुम्ही."

मी घासता घासता थांबले. "मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं? इतकी वर्षं मी तुमचे उपकार मानतेय. तुम्ही मला वाचवलं."

 तिनं समोरचा पेचकस चाचपून सरळ केला. "ताई, खरं सांगू? राग नका धरू. तुमाले वाचवाले नाही म्हटलं मी. तुमचं नाव घेतलं असतं तं अन्नांनी तुमाले समोर बसवलं असतं. अन् एकदा बसवलं असतं तं तुम्ही उठल्या नसत्या, मले दिसे नं, तुम्ही दारात कशा उभ्या राहत. तुम्ही शिकलेल्या. तुमाले माझ्याआधी सगळं आलं असतं. मंग मले काय राह्यलं असतं या घरात? भाकरी थापनं."

"म्हणून तुम्ही..."

"थे बोलनं मले पाहिजे होतं," ती म्हणाली. "माझ्या बापानं मले कधी समोर बसवून काही सांगितलं नाही. तुमाले तं सगळं भेटलं, शाळा, नोकरी. हे एक माझं होतं. वाटून घ्यावंसं वाटलं नाही."

मी कानस खाली ठेवली, हात धुतले आणि घरी आले. आठवडाभर गेले नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं. इतक्या दिवाळ्यांच्या साड्या माझ्या डोळ्यांपुढून जात होत्या. ज्याला मी उपकार समजत होते ती चोरी होती, आणि चोरलेलं काय, तर एका तासाची बोलणी. चिडून चिडून रडले. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कणीक मळता मळता, मला हसू यायला लागलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की बापाच्या रागावण्याचा हेवा करणारी मी जगात एकटीच वेडी. तर तिथंच, माझ्यासमोर, खाली मान घालून उभी असलेली बाई ते रागावणं दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. मला बाकाशी येऊ देत नव्हती. म्हणजे मी आले असते, असं निदान तिला तरी वाटलं होतं. तुम्हाला कधी वाटलं नाही, अण्णा, पण तिला वाटलं होतं.

सोमवारी गेले.  "थे ड्रिल तसंच पडलं आहे," एवढंच ती म्हणाली. मी घासलं. तिनं कार्बन चिमटीत धरून चारी बाजूंनी बोट फिरवलं आणि एकदम आवाज चढवला. "हे काय ताई? काटकोन कुठी गेला? पुढून बारीक झालं. कितीदा सांगितलं, सारखा हात ठेवा! फेका हे, दुसरं घ्या." बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, ते बघत राहिलं. मी खाली मान घालून दुसरं घेतलं. शब्द तुमचेच होते, पण आवाज तिचा, आणि आता ते तिचेच झालेत, तुम्ही परत आलात तरी तुम्हाला मागता येणार नाहीत. मला बरं वाटलं. हेवा गेला असं मात्र नाही. चौथी जोडी तिनं ठेवून घेतली. ड्रिल सुरू केलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "चालते." दिवसभर मी तो शब्द मनात धरून होते.

पुढच्या आठवड्यात तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग डाव्याचं. डॉक्टर म्हणाला, महिन्याभरात सुईत दोरा ओवाल. भाऊ खूश आहे. मला म्हणाला, "चला, आता तुला रोजची लालबागहून धावपळ नाही." मी म्हटलं, "बरंच झालं की."

हे पत्र वहीतच राहणार, तुमचा पत्ता कुणाला माहीत आहे? वहिनीच्याही हाती पडू देणार नाही, विशेषतः डोळे बरे झाल्यावर. काल सकाळी आम्ही दोघी तापीवर गेलो होतो. तिच्यासाठी म्हणून मी पाण्यात दिवा सोडला, हात जोडले. तिनं विचारलं, "काय मागितलं ताई?" मी म्हटलं, "तुमची नजर."

खोटं नाही बोलले, तेच मागितलं. फक्त, जरा सवडीनं दे, म्हटलं.